जावातल्या खेड्यात घर: राहायला या, विकत घ्यायला नको

प्रोगोकाठी

'बालीत व्हिला घ्यावा का' या धाग्यावर मी दोन ओळी काय खरडल्या, तेव्हापासून व्यक्तिगत निरोप थांबेनात. प्रत्येकाला तेच तेच लिहिण्यापेक्षा वेगळा धागा काढतो.

आधी मी कुठे आहे ते सांगतो. इंडोनेशियात, पश्चिम जावातल्या पुरवाकार्ताच्या एका सूतगिरणीत बरीच वर्षं नोकरी केली. त्या पट्ट्यात भारतीय बरेच, त्यात आपली मंडळीही असतात. निवृत्तीनंतर पुण्यात फ्लॅट असूनही इथेच राहिलो. आता मध्य जावात, मागेलांग जिल्ह्यात, बोरोबुदूरच्या प्राचीन बौद्ध स्तूपाच्या परिसरात एका खेड्यात भाड्याच्या घरात राहतो. मागे मेनोरेहचे डोंगर, खाली प्रोगो नदी. हवा स्वच्छ असेल तर सकाळी मेरापी ज्वालामुखी दिसतो, तोंडातून धूर सोडत.

खर्चाचं विचारताय म्हणून सांगतो. खेड्यात भाडं महिन्याचं नसतं, वर्षाचं एकरकमी आगाऊ द्यायचं. तीन खोल्या, पुढे पडवी आणि अंगण असलेलं घर दीड कोटी रुपियापर्यंत मिळतं. दचकू नका, आपले साधारण ८० हजार रुपये झाले, तेही वर्षाचे. वीज प्रीपेड: दुकानातून किंवा मोबाइलवरून टोकन घ्यायचं आणि आकडे मीटरवर दाबायचे. खेड्यातल्या जुन्या घरांचं कनेक्शन ४५० किंवा ९०० व्हीएचं (व्होल्ट-अँपिअर) असतं, म्हणजे फार भार पेलत नाही. पाण्याची मोटर चालू असताना इस्त्री लावली की घर अंधारात. घर बघायला जाल तेव्हा मीटर किती व्हीएचा आहे ते आधी बघा, खिडकीतला देखावा नंतर.

खरा खर्च मात्र भाड्यात नाही. गाव घरंघरं मिळून 'आर्टी' नावाच्या गटांत वाटलेलं असतं, त्याचा एक मुखिया असतो, पाक आर्टी. बाहेरच्या पाहुण्याने चोवीस तासांत कळवावं, अशा पाट्या वेशीवर दिसतात. मी सामान उतरवायच्या आधी साखर आणि चहाची पुडी घेऊन त्यांच्याकडे गेलो. तिथून पुढे सुरू होतं ते असं: रविवारी सकाळी रस्ता-गटार सफाईला हजेरी. रात्री गस्तीची पाळी. घराच्या दारावर टांगलेल्या छोट्या डब्यात रोज चिमूटभर तांदूळ किंवा पाचशे-हजाराचं नाणं, गस्तवाले ते गोळा करतात आणि गटाच्या फंडात टाकतात. बायकांची भिशी असते, 'आरिसान' म्हणतात तिला. कुणाचं लग्न निघालं की पाकिटातून आहेर. कुणी गेलं की मशिदीच्या भोंग्यावरून घोषणा होते आणि सगळं काम टाकून जायचं, ओळख असो वा नसो. १७ ऑगस्टच्या स्वातंत्र्यदिनाला वर्गणी वेगळी, शिवाय गोणपाट-शर्यतीत धावायला लावतात. माझ्या वयाकडे कुणी बघत नाही.

हे ज्याला जमतं त्याला खेडं जमलं. ज्याला जमत नाही त्याने बालीतच कुंपणाच्या आत राहावं. मी टोमणा मारत नाहीये, तेही बरं असतं काही लोकांना.

आता विचारा.

---

गच्चीवरचा_गुंतवणूकदार

धागा मस्त. पण मुद्द्याची गोष्ट राहिली काका. बोरोबुदूर म्हणजे जागतिक वारसा, योग्याकार्ताला नवा विमानतळ झालाय, जमिनी वाढणारच. स्थानिक माणसाच्या नावावर १० गुंठे घेऊन होमस्टे काढला तर? इथे डोंबिवलीतल्या एका एजंटने बाजूला करार करून देतो म्हटलंय, म्हणजे कागदावर तो मालक आणि खरे मालक आपण.

---

बांतुलची_सून

अहो भाऊ, थांबा! एजंटचा फोन आधी ब्लॉक करा.

मी योग्याकार्ताजवळ बांतुलमध्ये राहते, नवरा जावानीज आहे. हे प्रकरण आम्ही स्वतःच्या घरासाठी पुरतं समजून घेतलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथला जमीन कायदा १९६० चा. पूर्ण मालकी, म्हणजे 'हाक मिलिक', फक्त इंडोनेशियन नागरिकाला. त्याच कायद्याच्या २६व्या कलमात स्पष्ट म्हटलंय की परदेशी माणसाला आडवळणाने मालकी देणारा व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. हे शेवटचं दोनदा वाचा. उद्या तुमचा तो कागदावरचा मालक उलटला तर कोर्टात जाऊन तुम्ही काय सांगणार, मी कायदा मोडत होतो म्हणून? आणि तो भला निघाला तरी तो मेल्यावर त्याची मुलं भली निघतील का?

कायदेशीर वाटा आहेत. राहण्याचा परवाना असलेल्या परदेशी माणसाला 'हाक पाकाई', म्हणजे वापराचा हक्क, ३० अधिक २० अधिक ३० असा एकूण ८० वर्षांपर्यंत मिळू शकतो. पण त्यासाठी घराच्या किमान किमतीची अट आहे आणि ती अब्जांत आहे, खेड्यातल्या घरांसाठी ती वाट नाहीच. दुसरी वाट कंपनी काढायची. परदेशी भांडवलाच्या कंपनीला १० अब्ज रुपियांहून जास्त गुंतवणुकीचा आराखडा दाखवावा लागतो, तोही जमीन-इमारत सोडून. आपले पाच कोटींच्या पुढे जातात. चार खोल्यांच्या होमस्टेसाठी? तिसरी वाट सरळ भाडेपट्टा, नोटरीपुढे, २० किंवा २५ वर्षांचा. सामान्य माणसाला एवढीच परवडते.

माझंच उदाहरण घ्या. परदेशी माणसाशी लग्न केलं आणि मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार नसला, तर इंडोनेशियन जोडीदाराचाही हाक मिलिक धोक्यात येतो, कारण लग्नानंतरची मिळकत दोघांची धरतात. पूर्वी हा करार लग्नाआधीच करावा लागे. २०१६ मध्ये घटना न्यायालयाने लग्नानंतरही करता येईल असा निकाल दिला, तेव्हा माझ्यासारख्या कित्येकींचा जीव भांड्यात पडला. आमचं घर नवऱ्याच्या नावावर आहे आणि करार कपाटात.

---

बांधावरून

सांगली जिल्ह्यातून. शेतकरी माणूस आहे, व्हिलाबिलाशी घेणं नाही. ताई, भातजमिनीचं काय? तिथे बिगरशेतकऱ्याला घेता येते का? आपल्याकडे शेतकरी दाखल्याशिवाय होत नाही. आणि सरासरी शेतकऱ्याकडे किती रान असतं?

---

बांतुलची_सून

@बांधावरून, तिथे त्याहून वेगळी मेख आहे. १९६१ च्या नियमाप्रमाणे शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात राहणारा हवा. जकार्ताच्या माणसाने इथे भातखाचर घेऊन ठेवायचं नाही, असा कायदा सांगतो. पाळला किती जातो तो भाग निराळा. त्यावर भातशेती वाचवायचा २००९ चा कायदा: संरक्षित खाचरावर बांधकाम बंद. बालीतल्या उबुदमधलं 'रशियन गाव' म्हणून गाजलेलं संकुल जानेवारी २०२५ मध्ये सील झालं ते शेतजमिनीच्या पट्ट्यात बांधल्यामुळेच.

आणि कागद बघताना अजून एक. सगळ्या जमिनींना सरकारी प्रमाणपत्र नसतं. बऱ्याच ठिकाणी अजून गावच्या दप्तरातली 'लेटर सी'ची नोंद तेवढी असते, आजोबांच्या नावाची. आजोबांना सात मुलं, दोन सुमात्रात, एक मलेशियात. भाडेपट्टा करताना सगळ्यांच्या सह्या घ्या. आपल्याकडे सातबाऱ्यावर चुलत्यांची नावं निघतात तसलाच कारभार. योग्याकार्तात तर सुलतानाच्या मालकीची जमीनही पुष्कळ आहे, २०१२ च्या विशेष कायद्याने ती मान्य झाली. वर घर गावकऱ्याचं, खाली जमीन राजवाड्याची, असंही निघतं.

---

प्रोगोकाठी

ताईंनी माझं निम्मं काम केलं.

@बांधावरून, जावात अर्ध्या हेक्टरहून कमी जमीन असलेलेच शेतकरी जास्त, म्हणजे आपल्या हिशोबाने पन्नास गुंठ्यांच्या आत. आमच्या गावात पाच-दहा गुंठेवाले भरपूर आहेत. त्यामुळे शेती एकावर एक रचलेली. खाली भात, बांधावर चवळी नाहीतर कसावा, परसात केळी-पपई-नारळ, कडेला सेंगॉन. सेंगॉन म्हणजे भराभर वाढणारं हलक्या लाकडाचं झाड. पाच-सात वर्षांत तोडणीला येतं. पोरीच्या लग्नाला नाहीतर पोराच्या कॉलेजला तोडायचं म्हणून लावलेलं असतं. बँकेपेक्षा त्यावर भरवसा जास्त.

जमीन कसायला देणं इथे निम्म्या वाट्याने चालतं, 'मारो'. शेळ्या-गाईही तशाच देतात, तुमच्याकडे अर्धलीनं देतात अगदी तसंच. मी शेजारच्या एका माणसाला दोन शेळ्या घेऊन दिल्यात. पिल्लं झाली की अर्धी माझी.

---

बांतुलची_सून

काका, प्रेमाने विचारते, निवृत्तांच्या व्हिसावर ही कमाई बसते का हो?

---

प्रोगोकाठी

नाही बसत, म्हणून माझ्या वाट्याची पिल्लं त्याच्याच गोठ्यात राहतात आणि मी हिशोब विचारत नाही. बकरी ईदच्या आधी त्याने दोन विकली, पोराची फी भरली. परतावा म्हणाल तर घरी न मागता भाजी येते आणि मी पुण्याला गेलो की घराकडे कुणाचंतरी लक्ष असतं. याला गुंतवणूक म्हणायचं का ते गच्चीवाल्यांनी ठरवावं.

पण ताईंचा मुद्दा सगळ्यांनी नीट घ्या. विमानतळावर मिळणारा व्हिसा ५ लाख रुपियांचा, ३० दिवसांचा, एकदाच ३० दिवस वाढतो. त्यावर कसलंही कमावतं काम केलं, अगदी होमस्टेच्या काउंटरवर बसलात तरी, घरी पाठवतात. घरून ऑनलाइन नोकरी करणाऱ्यांना वेगळा एक वर्षाचा व्हिसा आहे, वार्षिक ६० हजार डॉलरच्या मिळकतीचा पुरावा लागतो. पैसा ठेवून राहायचं तर 'सेकंड होम' व्हिसा, त्याला सरकारी बँकेत १ लाख ३० हजार डॉलर. जो तुमच्या उद्देशाचा आहे तोच घ्या.

---

गच्चीवरचा_गुंतवणूकदार

ठीक आहे, जमीन बाद. पण मग पिकात पैसे लावता येतील की. यूट्यूबवर पोरांग नावाच्या कंदाचे व्हिडिओ पाहिले, एकराला लाखो. शिवाय शेतकऱ्यांना कर्ज देणारी ॲप आहेत, १५-१६ टक्के परतावा दाखवतात.

---

बांधावरून

भाऊ, यूट्यूबवर शेती बघणाऱ्यांनीच आमच्याकडे कडकनाथ घेतलं होतं. 😀

---

प्रोगोकाठी

😀 अगदी! पोरांगची गोष्ट तशीच आहे. २०२०-२१ मध्ये भाव चढले, शिपायापासून शिक्षकापर्यंत सगळ्यांनी लावला. व्हिडिओ त्याच काळातले. मग चीनची खरेदी आखडली, भाव गडगडले, आणि बियाणं विकणारे तेवढे सुखी राहिले. त्याआधी २००७ च्या सुमारास अँथुरियमच्या पानांना सोन्याचा भाव होता. तेव्हा एका झाडापायी मोटरसायकल विकलेले लोक अजून भेटतात, स्वतःच हसत सांगतात. व्हॅनिलाचंही वर-खाली चालूच असतं.

ॲपबद्दल एवढंच सांगतो: शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या तानीफंडचा परवाना इथल्या वित्त नियामकाने मे २०२४ मध्ये रद्द केला, कर्जं बुडाल्यावर. जकार्तात बसलेल्यांचे पैसे अडकले, तुम्ही तर डोंबिवलीत.

खेड्यात पैसा कसा वाढतो ते बघायचं असेल तर क्लातेन जिल्ह्यातल्या पोंग्गोक गावाला जा, योग्याकार्ता आणि सोलोच्या मधे आहे. गावात नैसर्गिक झऱ्याचा मोठा हौद, पाणी काचेसारखं. २००९ मध्ये ग्रामपंचायतीने स्वतःची कंपनी काढली. झऱ्याच्या तळाशी मोटरसायकल, सोफा, टीव्ही ठेवले. लोक पाण्याखाली जाऊन त्यावर बसून फोटो काढतात! वेडेपणा वाटेल, पण गावाची उलाढाल वर्षाला अब्जांत गेली. गावातल्या घरांनी त्यात पैसे घातले आणि त्यांना वाटा मिळतो. २०१४ चा ग्राम कायदा आला, २०१५ पासून केंद्राचा निधी थेट गावांना मिळायला लागला, तेव्हापासून देशभर अशा कंपन्या निघाल्या. पुष्कळशा नुसत्या पाटीपुरत्या, पण पोंग्गोकची चालली.

यात बाहेरच्याला शिरकाव नाही. भांडवल गावाचं आणि गावकऱ्यांचं, कायद्यातच तसं आहे. मला ते पटतं. उलट उदाहरण पूर्व जावात तुबानजवळच्या सुमुरगेनेंगचं. तेलशुद्धी प्रकल्पात जमिनी गेल्या, भरपाई आली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ट्रकवर लादलेल्या नव्याकोऱ्या गाड्यांची वरात गावात शिरली. एकूण १७६ गाड्या घेतल्या म्हणे गावाने. वर्षभरात तिथलेच काही जण जमीन विकल्याचा पस्तावा करत होते, जनावरं विकून दिवस काढत होते.

---

बांधावरून

समृद्धीच्या कडेने फिरा, हेच ऐकायला मिळेल. गाडी बदलते फक्त.

---

हिशोबनीस

सीए आहे, कोरडी माहिती देऊन जातो. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (एलआरएस) वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, भाडेपट्ट्यासाठीही. मात्र अशा गुंतवणुकीसाठी एका आर्थिक वर्षात १० लाखांपुढे जितकी रक्कम जाईल तिच्यावर बँक २० टक्के कर कापून घेते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. परदेशातली मालमत्ता आणि तिथलं बँक खातं विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचं. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे. आणि मित्राच्या नावाने घेतलेली जमीन तुम्ही त्या तक्त्यात कशी दाखवणार, हे गच्चीवाल्यांनी मला जरूर सांगावं.

---

गच्चीवरचा_गुंतवणूकदार

सगळे मिळून एकट्याला धुताय 🙏 एजंटला 'नको' म्हणून कळवलंय. पण निदान येऊन बघतो तरी. काका, भाडेपट्ट्याने घर घेतलं तर भूकंप-ज्वालामुखीचं काय?

---

प्रोगोकाठी

हे बरोबर विचारलंत, बाकी कुणी विचारत नाही.

मेरापीभोवती धोक्याचे पट्टे आखलेले आहेत, नकाशे सरकारी कचेरीत मिळतात. वरच्या तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात धोक्याच्या पट्ट्यात जागा स्वस्त आणि देखावा अप्रतिम असतो, त्याचं कारण तेच. २०१० च्या उद्रेकात साडेतीनशेच्या वर माणसं गेली. बोरोबुदूरवर राखेचा थर बसला होता, सगळा स्तूप धुवून काढावा लागला. भूकंपाचं म्हणाल तर २७ मे २००६ च्या पहाटे योग्याकार्ता-बांतुल पट्ट्यात ५,७०० हून जास्त लोक गेले, बहुतेक विटांच्या भिंतींखाली. बांतुलच्या ताईंच्या घरचे सांगतील. तेव्हापासून मी घर बघताना लाकडी सांगाडा शोधतो. जुन्या पद्धतीचं लिमासान घर खुंट्या-खाचांवर जोडलेलं असतं, हलतं पण चटकन पडत नाही. वर कौलं असतील तर झोपायची जागा कपाटाजवळ नको.

---

बांतुलची_सून

सासूबाई अजून जाड भिंतीच्या खोलीत झोपत नाहीत. पडवीत लाकडी बाज टाकलेली आहे, पाऊस असला तरी तिथेच. आणि डेंग्यू लक्षात ठेवा. खेड्यातलं सरकारी आरोग्यकेंद्र साध्या तापाला चांगलं, मोठ्या गोष्टीला शहरच. बाली आणि फ्लोरेस बेटांवर कुत्रा चावला तर रेबीजची लस त्याच दिवशी, चालढकल नको.

---

उंडारू

इतकं वाचून माझा साधा प्रश्न विचारायला लाज वाटतेय. मला काही विकत घ्यायचं नाहीये, फक्त दहा-बारा दिवस खेड्यात राहून फिरायचं आहे. शाकाहारी आहे. जमेल का? कुठे राहू?

---

बांतुलची_सून

उलट तुमचाच प्रश्न चांगला आहे! जावा शाकाहाऱ्याला जड नाही. टोफू आणि टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) गल्लोगल्ली. पेचेल म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर दाण्याची तिखट-गोड चटणी. उराप म्हणजे भाज्यांना मसालेदार ओलं खोबरं. गुदेग ही कोवळ्या फणसाची गुळात शिजवलेली भाजी, फक्त अंडं-कोंबडी वेगळी ठेवा म्हणून सांगायचं. क्लेपोन खाल तर चार क्षणही तोंडात टिकणार नाही: तांदळाच्या पिठाच्या हिरव्या गोळ्या, आत वितळलेला गूळ, वरून खोबरं.

फसवतो तो 'तेरासी', कोळंबीचा आंबवलेला गोळा. सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, आणि कित्येकदा पालेभाजीतही असतो, आणि लोकांच्या लेखी तो मांसाहार नाहीच, मिठासारखा आहे. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही, तेरासी आणि एबी (सुकी कोळंबी) नको असं नाव घेऊन सांगा. कुरकुरीत पापडही बहुतेक कोळंबीचेच.

---

प्रोगोकाठी

राहायला: बोरोबुदूर तालुक्यात वीस गावं आहेत, बहुतेक ठिकाणी होमस्टे. चांदिरेजोमधले लोक तर २००० च्या दशकापासून सहकारी पद्धतीने पाहुणे घेतात. योग्याकार्ताच्या बाजूला गुनुंगकिदुलमधलं न्ग्लांगेरान बघा, जुन्या ज्वालामुखीचे कडे आहेत, २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने उत्तम पर्यटन-गावांत घेतलं. बातिक शिकायचं असेल तर इमोगिरीजवळचं वुकिरसारी. लांब जायची तयारी असेल तर फ्लोरेसमधलं वाए रेबो: गोल, उंच, गवती शंकूसारखी घरं, तिथे पोचायला डोंगर चढून जावं लागतं. पण दहा दिवसांत जावा आणि फ्लोरेस दोन्ही कोंबू नका.

बोरोबुदूरच्या वर चढायचं तिकीट आधी काढा. दिवसाला ठरावीक लोकांनाच सोडतात, परदेशी माणसाला ४ लाख ५५ हजार रुपिया. पायात घालायला केवड्यासारख्या पानांच्या विणलेल्या चपला देतात, दगड झिजू नये म्हणून. त्या आमच्याच आसपासच्या गावांत विणतात, घरी घेऊन जाता येतात.

स्कूटर चालवणार असाल तर आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक आहे, म्हणून फार धीट होऊ नका. आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीचा शिक्का नसेल तर विमा कंपनी हात वर करते. शहरातून गावात यायला ॲपवरची गाडी मिळते, गावातून परत जायला मिळेलच असं नाही, म्हणून परतीचं आधीच ठरवा.

बाजाराचा वार विचारून घ्या. जावात सात दिवसांच्या आठवड्याबरोबर पाच दिवसांचाही एक चालतो: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. कित्येक खेड्यांचे बाजार या पाचांतल्या एखाद-दुसऱ्या दिवशीच मोठे भरतात. रविवारी सुट्टी आहे म्हणून गेलात तर ओट्यावर मांजर झोपलेलं दिसेल. घरमालकिणीला विचारलंत की ती बोटं मोजून सांगते.

---

उंडारू

वाचनखूण साठवली! एप्रिलनंतर कोरडा हंगाम ना? की ईदच्या सुमारास यावं, गावात मजा असेल?

---

प्रोगोकाठी

पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे मे-जून उत्तम. भात कुठे हिरवं, कुठे पिवळं, दोन्ही दिसतं.

रमजान ईदला मात्र पहिल्यांदा येत असाल तर नकोच. अख्खं जकार्ता गावाकडे निघतं. रेल्वेची तिकिटं महिनाभर आधी संपतात, जावाच्या हमरस्त्यांवर गाड्या मुंगीच्या गतीने सरकतात, आणि होमस्टेच्या खोल्यांत घरमालकाचेच भाऊ-भाचे झोपलेले असतात. खानावळी आठवडाभर बंद. ओळख झाल्यावर पुढच्या खेपेला या, तेव्हा कुणीतरी स्वतःहून बोलावेलच.

---

गच्चीवरचा_गुंतवणूकदार

मी जूनमध्ये येतोय. साखर आणि चहा किती किलो आणू?

---

प्रोगोकाठी

साखर इथेच मिळते हो. येताना आसाम चहा आणा, इथला चमेलीवाला आहे, मला वीट आलाय.